जेवणानंतरची गोळी

माझं माहेर गंगाखेडच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं लहान गाव. शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची दुसऱ्या गावात, पोरीला एकटीला कोण धाडतंय, मनून चौथीवर सुटलं. मला तसंबी चारचौघांत बोलायची लाज, मास्तरांनी उभं केलं की घशातून आवाज निघायचा न्हाई. लग्न करून सेलूला दिलं. मालकाचं किराणा दुकान, दुकानाच्या मागं घर, घरात सासूबाई. आमी लिंगायत. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आन् मगच घास तोंडात घालायचा, लहानथोर सगळ्यांना एकच रीत. माहेरी चहापुरती सूट होती, सासरी तीबी न्हाई.

गिरिजा माझी पहिली. सहा वर्षांची होईस्तोवर काई न्हाई, उलट लय गोड, दुकानात बसून गिऱ्हाइकाला मनायची, काका, सुट्टे द्या. मग एका उन्हाळ्यात ताप आला, उतरला. त्या तापानं झालं का कशानं झालं हे अजून कुणालाच सांगता येईना, डॉक्टरलाबी न्हाई. एक दिवस माझ्यासंगं शेंगा फोडायली होती, मनली आई, काईतरी जळायलंय. मी उठून गॅस बघितला, काई जळत नव्हतं. माघारी येते तर पोरीची नजर थिजलेली, ओठ चघळल्यावानी हलायले, आन् मी खांद्याला हात लावला तर दंडाला कडकडून चावली. गळ्यातला दोरा तोडला, लिंग भिरकावलं, हाताला येईल ते फेकलं. थोड्या वेळानं निजली. उठल्यावर मला मनती कशी, आई, तुझ्या हाताला काय झालं?

काय सांगू तुमाला ताई, तिथून सुरू झालं ते झालंच. सासूबाई मनल्या बाहेरचं हाय, शेजारीण मनली लाडानं शेफारली, दोन ठिवून द्या. मालकांनी दोन काय, चार ठिवून दिल्या, पोरगी उठल्यावर गाल चोळत मलाच विचारायली, बाबानं मला काऊन मारलं? शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं, हुशार हाय हो तुमची, पण दुसऱ्याच्या लेकराचा डोळा गेला तर आमी काय सांगायचं, घरीच असू द्या. मालक दुकानात हसून मनायचे, आता कुणी भावात घासाघीस करीना, पोरीला भितेत.

परभणीला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या, मेंदूचा फोटो काढला. फोटोत काई निघालं न्हाई. रेघांत शंका हाय मनले, फिट्सचाच एक प्रकार असू शकतो, पक्कं सांगत न्हाई, पण गोळ्या चालू करू. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. ते मालकांनी घरी येऊन सासूबाईला सांगितलं, जेवणानंतर.

आता आमच्यात लिंग गळ्यातून तुटून पडलं, त्याला टवका गेला, तर स्वामींनी येऊन पुन्हा विधीनं बांधेस्तोवर जेवत न्हाईत. आमचे स्वामी दुसऱ्या गावचे, निरोप गेला तर कधी सांजेला येणार, कधी दुसऱ्या दिवशी. आन् गिरिजाचा झटका आला की पहिला हात गळ्याला. म्हणजे झटका आला की लिंग पडलं, लिंग पडलं की जेवण बंद, आन् जेवण न्हाई मनून जेवणानंतरची गोळी न्हाई. सासूबाई काई दुष्टाव्यानं करीत नव्हत्या. लेकरू उपाशी मनून त्याबी खात नव्हत्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन नामजप करीत बसायच्या. पण उपाशी पोटी बिनगोळीचा दुसरा झटका यायचा तो पहिल्याहून वंगाळ. डॉक्टर गोळी वाढवायचे. पोरगी सुस्त, लाळ गळायली, आन् झटके तसेच.

असंच एकदा स्वामींची वाट बघताना तिनं दुकानातलं किलोचं माप उचललं आन् भिरकावलं. पाळण्यात धाकटा होता, शंभू. कपाळ फुटलं, टाके पडले. त्या दिवशी सासूबाई मनल्या, एकीच्या पायी दुसरं गमावू नका. लातूरकडं अशा लेकरांची एक निवासी शाळा हाय मनून मालकांच्या कानावर होतंच. ते मनले, डॉक्टरला एकदा विचारतो आन् सोडून येतो.

त्या खेपेला मीबी गेले. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज देता ना? मालक मनले, रोज, एक चुकली न्हाई. खोटं न्हाई बोलले ते, जेवण झालं की गोळी, हे त्यांना माहीत, त्यातलं जेवणच चुकतंय हे त्यांच्या ध्यानात न्हाई. माझ्याबी तिथंच ध्यानात आलं. पदर तोंडाशी धरून बसले होते, कशी बोलले मलाच माहीत न्हाई, मी मनलं, न्हाई जी, झटक्याच्या दिवशी देत न्हाईत. डॉक्टर मनले, का देत न्हाई? मग सगळं सांगावं लागलं. ते लय तापले. ह्या गोळ्या अशा मधेच तोडल्या तर झटके वाढतेत, दुधाच्या घोटासंगं द्या, पण द्या. मग मालकांना मनले, शाळेचं नंतर बघा, आधी गोळी नीट देऊन बघा.

माघारी बसमध्ये सेलू जवळ आलं तवा मालक एवढंच मनले, घरातलं सगळं परक्यापुढं मांडलंस.

स्वामींना विचारलं तर ते मनले, आजारी लेकराला कसला नेम, खाऊ घाला. सासूबाई मनल्या, आताचे स्वामी असेच सैल. माझ्या चुलीवर बिनपूजेचं चालायचं न्हाई. मग मी मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली. झटका आला की तिला तिथं भात-दूध चारते, गोळी देते, आन् तिच्या वाटची पूजा मी करते.

झटके थांबले न्हाईत. लांबले. आधी आठवडा निभत नव्हता, आता महिना निघतो कधी. नेमकं काय हाय ते डॉक्टर अजून सांगू शकत न्हाईत, मोठ्या शहरात भरती करून पुन्हा रेघा काढाव्या मनतेत. मालक मनतेत बघू. आन् असंबी मनतेत, शंभूला पुन्हा लागलं तर मी कुणाला विचारणार न्हाई. मनून दोघांना मी एका खोलीत सोडत न्हाई, न्हाणीत गेले तरी एकाला संगं नेते.

गिरिजा आता अकराची हाय. झटक्यानंतर विचारायची, मी कुणाला मारलं का, मी मनायची न्हाई गं, पडलीस तू. तिला आठवत न्हाई, तेवढी देवाची मेहरबानी, असं मला वाटायचं. पण शंभू बोलायला लागलाय, घरात कानावर पडलेलं बोलतो. परवा झटका येऊन गेल्यावर तिनं त्याच्या कपाळावरच्या वणावर बोट ठिवून विचारलं, हे कशानं रे, आन् तो मनला, दीदीनं.

सांजेला गिरिजा पडवीत आली, मनली आई, ती लातूरकडची शाळा कशी असती? मला ठिवा तिथं.

मी ताटलीत भात वाढला, दूध घातलं, मनलं आधी जेव. ती जेवली, गोळी घेतली, ताटली धुवून ठिवली. आन् मग पुन्हा तेच विचारत बसली.