मधली तुळई

हॅलो?… हो, हेटीच बोलतेय. बोल, डॉरीन… नाही, अजून नेलं नाही. बाबा वरच आहेत, त्यांच्या पलंगावर… नाही गं, रडले नाही. कोंबड्या सोडल्या, अंडी आणली. एक उकडलंसुद्धा. कुणासाठी उकडलं, ते आठवेना…

शवपेटी? आली ना पेटी. जिन्यात वळतच नाही… तुला माहितीये तो जिना, धुराड्यामागून गोल गोल चढणारा. या घराला आधी माडी होती कुठे? छपरापर्यंत नुसतं मोकळं, मधोमध जाळ. मग कुणी धुराडं बांधलं, कुणी माडी घातली, आणि जिना उरल्या कोपऱ्यात कोंबला… हो, हो… चालत्या माणसापुरता.

पेटीवाले स्टॅनर्ड म्हणत होते, चादरीत बांधून बाबांना उभंच उतरवू, पेटीत खाली ठेवू… तुझंही तेच म्हणणं?… अगं, ऐक ना. ऐक. बाबा काय म्हणायचे? ‘मला कपाटासारखं उभं नेऊ नका.’ चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणायचे… खिडकी? अर्धी खिडकी विटांनी बुजवलेली आहे ना, खिडक्यांवर कर होता तेव्हापासून. उरलेल्या अर्धीतून मांजर जातं फार तर.

म्हणून मी म्हटलं, झडप उघडा… हो, तीच. स्वयंपाकघराच्या छतातली. आईला जिच्यातून उतरवलं ती… माहितीये गं, बाबांनीच बंद केली. आई गेल्यावर लगेच. जेवताना मान वर केली की दिसायची, म्हणून… छत फोडावं लागणार, असंच मलाही वाटलं. टेबलावर जुनी चादर टाकली, पावावर टोपलं उपडं घातलं. स्टॅनर्ड हातोडा घेऊनच आले होते…

थांब, सांगते ना… फोडावं लागलंच नाही. तिथे गिलावा नाहीच. पातळ फळी आहे, वरून चुना मारलेला. अलगद निघाली. आणि माडीवर गालिचा उचलला, तर झडपेच्या आड येणाऱ्या मधल्या तुळईला खिळे नाहीत. स्क्रू आहेत, डॉरीन… स्क्रू. मेण लावलेले. स्टॅनर्ड म्हणाले, नुसत्या बोटांनी फिरतायत.

आठवतं, थंडी सुरू झाली की बाबा गालिचा गुंडाळून, मेणबत्तीचं थोटूक घेऊन बसायचे? मी खालून विचारायचे, काय चाललंय? म्हणायचे, फळ्या करकरतात… हो… दर वर्षी गं… नाही, मला काही होत नाहीये. नुसती उभी आहे. टेबलावर ऊन पडलंय. वरच्या खोलीतलं. त्या अर्ध्या खिडकीचं. आई गेल्यापासून इथपर्यंत कधी आलंच नव्हतं…

रड. रड तू. मी आहे फोनवर.

…काय म्हणालात?… तुला नाही गं, स्टॅनर्ड वरून विचारतायत, डोकं कुठल्या बाजूला… चुलीकडे करा, चुलीकडे. त्यांना थंडी सोसत नाही.

हं, बोल… रिकामी पेटी झडपेतूनच वर घेतली, आता दोर लावलेत. वरून तिघं सोडणार आहेत. पण खाली कुणीतरी हात द्यायला हवा, नाहीतर पेटी डुलते… आईच्या वेळी? आईच्या वेळी बाबाच होते खाली. एकटेच. तू नि मी दारात उभ्या. आठवतं, दोन्ही हात वर करून कसे थांबले होते? फांदीवरचं फळ कुणी खाली सोडणार असावं, तसे…

नाही, शेजारचं कुणी नको. मीच धरते… हो, सांभाळून… हो… आले हो, आले, सोडू नका अजून…

डॉरीन, ठेवते आता. दोन्ही हात लागतील.