सातव्या इनिंगनंतर

"सर, तुमची सगळ्यात भारी मॅच कुठली?"

मैत्रिणींनी फोनवर 'विचारून दाखव' अशी पैज लावली, म्हणून स्वानंदीनं बेधडक विचारलं. आईचा गुडघा दाखवायला ती आईबाबांबरोबर हाडांच्या डॉक्टरकडे आली होती आणि बाहेरच्या बाकांवर समोरच एकेकाळचा नामांकित बेसबॉल पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, बायकोशेजारी बसला होता. स्वानंदीही शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर होती. शनिवारी फायनल, म्हणून तीन आठवडे दुखरा खांदा घरात लपवत होती.

"नो-हिटर. नऊ इनिंग्ज, समोरच्या एकाही बॅटरला माझ्यावर हिट मिळाली नाही."

"खांद्याचं सांग की तिला," बायको म्हणाली.

"सातव्या इनिंगला खांद्यात काहीतरी तुटलं."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"नो-हिटर चालू असताना पिचरशी कुणी बोलत नाही, पोरी. अपशकुन मानतात. बाकावरसुद्धा सगळे लांब सरकले होते."

"घरी मी तर बोलत होते ना? मलाही नाही सांगितलं! आता शर्टाची बटणं कोण लावतं, विचार त्याला."

"नंतरची भारी मॅच कुठली, सर?"

"नंतर मॅचच नाही."

स्वानंदी आईबाबांकडे वळली.

"शनिवारी मी पिचिंग करणार नाहीये. आई, तुझा गुडघा दाखवून झाला की डॉक्टरांना माझा खांदा दाखवायचाय."