बदामाचं अक्षर

— ती औषधाची सुई खाली ठेव आधी, मार्लूस. ठेव गं, इथंच ठेव, लागलीच तर हाताशी आहे — आणि बघ लेकीकडं, नीट बघ. ओठ सुजलेत? नाही. अंगावर काही उठलंय? नाही. फेना, जीभ दाखव बाळा आजीला — हे बघ, आणखी मागतेय हावरट! काही होणार नाही तिला. — कशावरून म्हणजे? सांगते ना, सांगायलाच आणलंय तुला स्वयंपाकघरात. दार मीच लावलं, मुद्दाम लावलं. तिकडं हिल्ट्ये बसलीय. — अगं हिल्ट्ये म्हणजे माझी जाऊ, करड्या स्वेटरातली, आत्ता फेनाच्या तोंडात बोट घालायला धावली ना, ती. तू पहिल्यांदाच आलीस या घरी, तुला नावं कशी लक्षात राहणार! सगळेच धावले. तुझ्या वीबेनं तर भरला कप सांडला गालिच्यावर. एक मी तेवढी उठले नाही. घास चालू होता माझा. तू पाहिलंस ते — एवढ्या गडबडीत तू एकटीनं पाहिलंस, आणि तेव्हापासून अशी बघतेयस माझ्याकडं. म्हातारीला काळीज नाही, सख्खी नात नाही म्हणून हिला काही वाटत नाही — हेच आलं ना मनात? बोलू नकोस, कळतं मला. वीबेनं दोनदा फोन करून बजावलं होतं, आई, बदामाचा कण पोटात गेला तरी पोरीचा जीव जाईल. विसरेन होय मी? — नाही विसरले. पोरीनं खाल्लं त्या अक्षरात बदाम नाहीच.

घेवडा आहे. — घेवडा गं, पांढरा घेवडा! भिजवायचा, शिजवायचा, सालं काढायची, साखर घालून वाटायचा, लिंबाची साल किसून घालायची, आणि ते सारण मैद्याच्या पारीत भरून अक्षर वळायचं, भाजायचं. थांब, विश्वास नाही ना बसत? हे कचऱ्याचं झाकण उचल — बघ, सालं. ही वाटी बघ, उरलंय थोडं, चाख. आणि ही वासाची बाटली — वाच तूच, वाच मोठ्यानं — नाही, मोठ्यानं नको! हळू वाच. बदामाचा अंश नाही, नुसता वास आहे. दुकानात चष्मा लावून वाचलं, पुन्हा घरी भिंग घेऊन वाचलं, पोरीसाठी वाचलं. वरून दरवर्षी सोललेले बदाम चिकटवते, शोभेला — ते यंदा नाही लावले, नुसत्या चेरी लावल्या. पोरीची बशी वेगळी ठेवली, मसाल्याच्या बारक्या बिस्किटांची. खरं तर घरातलं सगळंच चाललं असतं तिला, पण तसं कुठल्या तोंडानं सांगू? मग मीही सगळ्यांसमोर म्हटलं, हे अक्षर फेनासाठी नाही हं, बदाम आहेत. आणि तुझ्या नावाचं अक्षर केलं होतं गं, एम. सिंटरक्लासच्या सणाला, संध्याकाळी घरात नवं माणूस येतंय, म्हटलं त्याचं अक्षर ताटात असावं. पोरीला वाटलं, आईचं ते आपलं. घेतला तुकडा. तिचा काय दोष?

— का म्हणजे? तू सासूबाईंना पाहिलं नाहीस. त्यांचं बदामाचं अक्षर म्हणजे अख्ख्या गल्लीत नाव. मी लग्न होऊन आले, पहिल्याच डिसेंबरात मला आत घेतलं, दार लावलं — हेच दार — आणि घेवडा पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, आमच्या आयांना बदाम दिसत नव्हते डोळ्यांना, त्यांनी असं भागवलं, आता चव बसलीय घराला. झाकली मूठ सव्वा लाखाची. हिल्ट्येला नाही सांगितलं त्यांनी. मलाच सांगितलं. मला बाई केवढा मोठेपणा वाटला त्याचा! नंतर चार पैसे आले तसे मी एकदा खऱ्या बदामाचं केलं, हौसेनं. आमचे हे जेवढं गोड तेवढं खाणारे, पण एक घास चघळत बसले आणि म्हणाले, आईसारखं नाही झालं. — हस, हस तू. मलाही हसू यायचं. गेले पुन्हा घेवड्यावर. कुणी विचारलं, ट्राइन, काय घालतेस गं, की म्हणायचं, बदाम चांगला बघून घ्यावा, बस्स. यात काय एवढं? कुणाचं वाईट केलं? घराघरात असतं असं काहीबाही.

— मग जाऊन सांग म्हणतेस. सोपं आहे तुझं. तू एक कर ना, तू सांग की पोरीनं थुंकून टाकला घास, गिळलाच नव्हता. तू आई आहेस, तुझं खरं मानतील. — नको? बरं. नको म्हणतेस ते बरोबरच आहे, उद्या ती दुसऱ्याच्या घरी खरा बदाम खाऊन बसेल, मागे खाल्ला होता म्हणून. कळतं मला. पण हिल्ट्ये आहे गं तिकडं. दुसरं कुणी असतं तर आत्ता गेले असते, हसून सांगितलं असतं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या असत्या. हिल्ट्येनं, अगं, गेल्या वर्षी अक्षर करून आणलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझं ऐकून चांगला बदाम बघून घेतला, गरम पाण्यात घालून सोलला, हातयंत्रावर दळला — तिचा उजवा खांदा वर जात नाही, तरी दळला. आणि मांडलं माझ्या अक्षराशेजारी. सगळ्यांनी आधी तिचं उचललं. छान होतं. खोटं कशाला बोलू, फार छान होतं, सुवासिक, दाताखाली रवाळ लागत होतं. आणि मी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, म्हटलं, हिल्ट्ये, घेवडा घातलास होय गं? — उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे हसले. माझ्या जिभेवर भरवसा ना सगळ्यांचा! जो तो म्हणायला लागला, हो हो, घेवडाच लागतोय, ट्राइनला बरोबर कळतं. कुणीतरी तिच्यावर तिथल्या तिथं चेष्टेच्या दोन ओळीही जुळवल्या. तीपण हसली. बदामच आहे, असं एकदा म्हणाली, हळू म्हणाली. मी म्हटलं, असेल बाई. — असेल बाई, म्हटलं मी! जाताना ताट कोटाखाली धरून घेऊन गेली घरी. यंदा काय आणलंय पाहिलंस? दुकानातला पुडा. दारातच म्हणाली, बाजारचं आणलंय हो ट्राइन, कुणाला त्रास नको. आणि मी पुडा घेतला तिच्या हातातून, डब्यात ओतला आणि झाकण लावलं. वर्षभर सायकलवरून तिच्या दारावरून जाते, थांबत नाही. मी पहिल्यापासून अशी नव्हते गं. लाज वाटते मला. कढईला हात लावायचीसुद्धा लाज वाटते. तरी यंदा केलंच, तोच घेवडा, तेच अक्षर, आणि तीच म्हणाली, ट्राइन, तुझ्या हाताची सर नाही कुणाला — माझ्याच घशातून घास उतरेना, म्हणून तो एवढा वेळ चघळत बसले होते. आता कळलं?

तू थोडा वेळ दे मला. हे सगळे गेले की मी जाईन तिच्याकडं, एकटी जाईन, तिच्या दारात सांगेन — फेना कुठाय? इथं माझ्या मागं होती. वाटी चाटत होती ना? — दार उघडं आहे! तिकडं गेली वाटतं. ऐक. कोण ओरडलं? — हिल्ट्येचा आवाज आहे. "टाक, टाक ते, बदाम आहे त्यात," म्हणतेय. अगं, रडतेय ती. पोरीसाठी रडतेय बाई — हो, माझं अक्षर म्हणजे बदामच, अशी खात्री आहे ना तिला! नको, तू थांब. तू नको, मार्लूस, तू काही बोलू नकोस, सुई राहू दे तिथंच, सरक बाजूला —

हिल्ट्ये! ओढू नकोस तिच्या हातातलं, खाऊ दे तिला! काही होत नाही. घेवडा आहे तो. — हो. मी केलेल्यात. दरवर्षी. माझ्यात होता, हिल्ट्ये, तुझ्यात नव्हता.