तिसरं बिट

नाही, मला तुम्हीच सांगा, चार मिनिटं कुणी हात लावला नाही की आपण होऊन झोपणारं यंत्र जर झोपतच नसेल, तर त्यात बाईमाणसाची काय चूक? पण नाही! बिट जळालं. दोष कुणाचा? माझा!

बिट म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक हो, पेन्सिलीच्या टोकाएवढं, ज्याने मी मोबाइलच्या पोटातले मोहरीएवढे तुकडे काढते आणि बसवते. अख्ख्या तांता शहरात अस्सल बिटं मिळेनाशी झालीत, माझे मालक उस्ता बय्यूमी यांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तीनच उरली होती, आणि मी कामाला लागल्यापासून आठ दिवसांत दोन कोळसा झाली. आठ दिवसांत दोन! उस्तांनी दुसरं बिट भिंगाखाली धरलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते जे अत्यंत शांतपणे बोलतात ना, त्या आवाजात म्हणाले, "इंजिनीअरबाई, हे तिसरं. गुरुवारपर्यंत हे काळं पडलं तर आतलं टेबल रगबचं."

रगब म्हणजे त्यांचा भाचा. पुढे काउंटरवर बसून स्क्रीन आणि बॅटऱ्या बदलतो. हा माणूस बिट काळं पडलं की सँडपेपरने घासतो! सँडपेपरने! म्हणजे वरचा मुलामाही गेला आणि बिटही गेलं. त्याला टेबल! आणि चार वर्षं कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मी, पाच महिन्यांची पोर काखेत घेऊन, घरी!

बरं, मी हयगय करते म्हणाल, तर सांगते ऐका. तापमान तीनशेतीस, त्याच्या वर एक अंश नाही. काम झालं की ओल्या स्पंजावर पुसायचं, ठेवण्याआधी टोकाला ताजं सोल्डर लावायचं, भांड्याला कल्हई करतात तसं, म्हणजे हवा लागून ते करपत नाही. मग स्टँडवर. आणि पुढचं यंत्राने करायचं, कारण उस्तांनी ते आणलं तेव्हा सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं की याच्या मुठीतच हालचाल कळते, चार मिनिटं मूठ हलली नाही की ते दोनशेवर उतरून डुलकी घेतं, अर्ध्या तासाने पार बंद, बिट वर्षभर जातं! वर्षभर! माझ्याकडे चार दिवस गेलं. आणि दोष? माझा!

सासूबाईंना सांगितलं, तर त्या मुळुखियाची भाजी ढवळता ढवळता म्हणाल्या, "तापलेली वस्तू सोडून उठतेस कशाला गं?" अहो, पोर रडते म्हणून उठते! जुमानाला पडद्यामागे दूध पाजते, मग तिथेच झोळीत टाकते. जुन्या चादरीची झोळी आहे, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पडद्याखालून माझ्या टेबलाच्या पायाला. खाली बुटक्या स्टुलावर बसून पायाने झोका देते, चाळीस चाळीस मिनिटं, कारण झोका थांबला की हिचे डोळे टक्क उघडे! आयर्न बंद का करत नाही म्हणाल, तर ही कधी झोपेल याचा नेम नाही, झोपली की धावत कामाला भिडायचं असतं, आणि शिवाय ते यंत्र झोपतंच ना आपण होऊन? निदान मी तरी तसं समजत होते.

तर मंगळवारी माझं डोकं फिरलं. जुमानाला झोपवून पडद्यामागून आले तर यंत्रावर आकडा तीनशेतीस, आणि मला अगदी खात्री पटली... हाच! हाच रगब मी आत गेले की माझं आयर्न घेऊन चार्जरच्या वायरी वितळवतो! गेले तरातरा काउंटरवर, समोर एक गिऱ्हाईक, टायवाले मास्तर, आणि मी बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवतं पण सांगत नाही. रगब लालबुंद. "वल्ला, मी त्या टेबलाला बोट लावलेलं नाही! वहिनी, तोंड सांभाळा!" मास्तर आपला फोन खिशात घालून निघून गेले.

रात्रभर मला वाटत राहिलं, मीच तर नाही ना? मी विसरभोळी झालेय. परवा साखरेच्या डब्यात मीठ भरलं.

म्हणून बुधवारी मी खाली बसलेच नाही. पडदा सारून उभी राहिले, पायाने झोका, डोळे यंत्राच्या आकड्यावर. तीनशेतीस. पाच मिनिटं, तीनशेतीस. दहा मिनिटं, तीनशेतीस! कुणी शिवलेलं नाही, मी समोर, रगब पुढे कोशरी खातोय, आणि हे मेलं टक्क जागं! वैतागून मी पाय आपटला आणि झोका थांबवला. जुमाना किंचाळली. किंचाळू दे! एक मिनिट... दोन... चार... आणि आकडा घसरायला लागला. अडीचशे. दोनशे. झोपलं! मी पायाने झोळीला एक ढकल दिली. टेबल कणभर हललं, मूठ कणभर हलली, आणि आकडा सरसर वर. तीनशेतीस!

कळलं? एकीला हलवल्याशिवाय झोप येत नाही आणि दुसऱ्याला हलवलं तर झोप येत नाही, आणि या चार वर्षं शिकलेल्या बाईने दोघांना एकाच टेबलाला बांधलं होतं! आता दोष कुणाचा? बोला ना! माझाच! हीच तर चीड आहे, आठ दिवस जे खोटं आहे म्हणून भांडत होते, ते खरं निघालं.

गप्प बसता आलं असतं. झोळीचं टोक भिंतीतल्या कडीला बांधलं, काम झालं. पण रगबच्या पाठीकडे बघून गप्प बसवेना. गुरुवारी उस्तांनी बिट भिंगाखाली धरलं, चांदीसारखं लखलखीत. मी सगळं सांगून टाकलं. उस्ता म्हणाले, "यंत्र बघ किती हुशार, पाळणा हलला तरी कळतं त्याला!" माझ्या हुशारीबद्दल एक शब्द नाही. "जा, टेबल तुझं."

"आणि माझी अब्रू?" रगब म्हणाला.

"रगबभाऊ, चुकलं माझं. त्या मास्तरांच्या घरी जाऊन माफी मागते."

"मास्तर राहू दे. ती झोळी खरंच चाळीस मिनिटांत झोपवते?"

"कधी कधी तीस."

शनिवारी रगब दुकानात आला तो दोन्ही हातांवर एकेक गाठोडं घेऊन. जुळी! त्याचीच, चार महिन्यांची! "त्यांची आई चार महिने झोपलेली नाही, वहिनी," म्हणाला, आणि मंगळवारी जे बोलले होते त्यानंतर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

आता माझ्या टेबलामागे तीन झोळ्या आहेत. भिंतीला. दोन पायांनी दोन हलवते, हाताने तिसरी, आणि आयर्न आपलं स्टँडवर बरोबर चार मिनिटांनी झोपतं ते दुपारपर्यंत उठत नाही. उस्ता रोज भिंग लावून बघतात आणि म्हणतात, "इंजिनीअरबाई, हे बिट तर आपल्या सगळ्यांना पुरून उरेल!"

उरेल नाही तर काय.