इंग्रजी येईस्तोवर सून उंबऱ्याबाहेर

माझं माहेर शहापूर आन् सासर वडगाव. आता तुमी म्हणाल, ह्यात काय सांगण्यासारखं, मदी चार बोळं आन् एक वढा. व्हय, तेवढंच. आमच्या दारात उभं राहून कान दिला तर सासरच्या मागाचा खटखटाट ऐकू यायचा. पर तेवढं अंतर चालून नांदायला जायला मला सात वर्सं लागली बघा. मदी इंग्रजी आडवी पडली व्हती.

आमी विणकर. माज्या बापाचा, आप्पांचा, माग सोप्यात, म्हंजे उंबऱ्याबाहेरच्या पडवीत, आन् मला रहाटावर हात पुरायला लागला तवापासनं मी त्यांच्या कांड्या भरायची, म्हंजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. शाळंची पायरी कवा चढले न्हाय. पर भाषा म्हणाल तर चार बोलते. मराठी तर घरचीच. कानडी शेजारच्या गौरव्वानं शिकवली, शिकवली म्हंजे काय, आडावर पाण्याच्या पाळीवरनं रोज भांडायची, आन् तिच्या शिवीला उत्तर द्यायचं तर तिच्याच भाषेत द्यावं लागतंय, न्हायतर आपली शिवी वाया जाती. सहा म्हैन्यांत मला कानडी आली. हिंदुस्थानी आली ती रेशीम रंगवणाऱ्या चाचांकडनं. आन् गोव्याकडच्या बाया लुगडी घ्यायला यायच्या, त्या आपसात कोकणीत कुजबुजायच्या, किती कमी करून मागायचं ते. मग आव्वा, माजी आई, मला मुद्दाम त्यांच्यापाशी बसवायची, म्हणायची हितं बस आन् काय म्हणत्यात ते कान देऊन ऐक. भाषा अशी येती. कुणाशी तरी भांडायचं असलं, कायतरी इकायचं असलं, न्हायतर कुणाचं तरी चोरून ऐकायचं असलं, तर भाषा आपल्या पायानं घरात येती. इंग्रजीचं तसं न्हाय. आमच्या बोळात भांडायला एक तरी साहेब व्हता का? मग ती यायची कशी?

तर सासऱ्यांचं सांगते. त्यांचं नाव तिप्पाण्णा, मी मामंजी म्हणायची. लुगड्याचा पदर विणावा तर त्यांनीच, अख्ख्या वडगावात असा हात न्हवता, पर राग नाकावर. माझं लगीन झालं तवा मी परकरात व्हते, आन् नांदायला पाठवायचं ते पोरगी मोठी झाल्यावर, अशी आमच्यात रीत. लग्नाला म्हैना झाला नसंल, मामंजी कसल्याशा कामाला कचेरीत गेलते. तिथं कारकुनानं हातात इंग्रजी कागद दिला. आता येत न्हाय म्हणायचं का न्हाय? पर न्हाय. चार माणसांत मान राहावा म्हणून मामंजीनी कागद डोळ्यांपुढं धरला, वरनं खाली नजर फिरवली, बरोबर हाय म्हणून मान हालवली. कारकून म्हणाला, आण्णा, कागद उलटा धरलाय. सगळी कचेरी हसली.

झालं. तिथनं तडक देवळात आले, पंच बोलावले आन् बेलभंडारा उचलला. म्हणाले, माज्या पोराला इंग्रजी येत न्हाय तवर सुनंला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाय. पोराला धाक बसावा म्हणून. आत्ती, म्हंजे माजी सासू, कपाळाला हात लावून म्हणाली, अवो, पाणउतारा कचेरीत झाला, त्यात त्या शहापूरच्या पोरीनं काय केलंय? पर बेलभंडारा उचलला म्हंजे देवाची आण, ती काय बाजारातली पिशवी न्हवं, जड झाली म्हणून खाली ठेवायला.

आमच्या मालकांचं नाव मी घेत न्हाय, उखाण्यात घेतलंय तेवढं बास. हुशार माणूस. गणित म्हंजे हातचा मळ, संस्कृत बी यायचं. पर इंग्रजीपुढं गाडं रुतलं. मॅट्रिकला पयल्यांदा नापास झाले तवा गाव हळहळलं. दुसऱ्यांदा झाले तवा गाव हसलं. पुढं पुढं निकाल कवा लागतोय ते बी कुणी इचारंना. मला कोण काय इचारणार? बरोबरीच्या पोरी दोन-दोन लेकरं घेऊन माहेरपणाला यायच्या, आन् मी आपली परीक्षंची वाट बघत रहाटावर. आप्पांला बी घाई न्हवती, खोटं कशाला बोलू. कांड्या भरायला घरचा हात व्हता.

माजं अठरावं सरलं तवा आत्तीचं मनगट धरलं. रहाट फिरंना, कांड्या भरायला कुणी न्हाय, मामंजीचा माग उभा राहिला. मग आत्तीनंच डोकं लढवलं. मामंजीला म्हणाली, शपथ उंबऱ्याची हाय न्हवं? माग हाय सोप्यात आन् उंबरा हाय त्याच्या आत. सून म्हणून आणू नगा, कांडीवाली म्हणून आणा. मामंजीनी लई इचार केला, उंबऱ्याकडं बघितलं, सोप्याकडं बघितलं, आन् म्हणाले, सांजच्याला परत गेली पायजे.

मग काय सांगू तुम्हाला, मी स्वताच्या सासरी रोज कामाला जायला लागले. सकाळी जायचं, सांजंला यायचं. मामंजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यालं, मी ह्या कोपऱ्यात रहाटावर, आन् समोरच्या कोपऱ्यात ह्ये पुस्तक घेऊन. बोलायचं न्हाय, बघायचं न्हाय. तहान लागली तर आत्ती उंबऱ्याच्या आतनं तांब्या बाहेर सरकवायची. त्या घरात देव कुठल्या भिंतीला हाईत ते बी मला ठावं न्हवतं.

ह्ये मोठ्यानं पाठ करायचे, तशी रीतच व्हती. वॉटर म्हंजे पाणी. हंग्री म्हंजे भुकेला. येस्टर्डे म्हंजे काल. दिवसभर त्येच. माजे हात कामात, कान रिकामे, आपसूक पाठ व्हायला लागलं. एक दिवस ह्ये त्याच वाचायच्या सुरात म्हणाले, लंडन इज अ बिग सिटी, द किंग लिव्हज इन लंडन, यू डिड नॉट कम येस्टर्डे, व्हाय, लंडन इज ऑन अ रिव्हर. माजा रहाट थांबला. काल अंगात ताप व्हता म्हणून मी आले न्हवते. पुस्तकाला कसं कळलं? मान वर केली तर ह्यांचे कान लालबुंद. मी बी मग रहाटाच्या घरघरीत पुटपुटले, फीवर. ह्यांनी पुस्तक उलटं धरलं बघा, आन् तसंच तासभर वाचत बसले.

तवापासनं आमचं सुरू झालं. मामंजीच्या डोळ्यांदेखत, धोट्याच्या खटखटाटात. लंडनातनं एक वाक्य माज्याकडं यायचं, माज्या रहाटातनं एक परत जायचं. आर यू हंग्री. येस. काय काय इचारायची मी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. ह्यांनी सांगितलं, इंग्रजीत काय अक्षरं लिवायची पर म्हणायची न्हाईत. मी म्हटलं, म्हंजे आमच्या लग्नातल्या काही पाव्हण्यांसारखी, पंगतीला बसत्यात, कामाला न्हाईत. ह्ये हसले ते खोकला आल्याचं ढोंग करून. आन् एक ऐकून तर मी गार झाले. म्हणाले, इंग्रजीत अरे न्हाय, अहो न्हाय. देवाला यू, कुत्र्याला यू, कलेक्टरला यू आन् नवऱ्याला बी यू. मी म्हटलं आगं आई, आन् घरं चालत्यात त्यांची?

असं सगळं बोलता येत व्हतं, तरी चौथ्यांदा नापासच. कारण परीक्षंत इचारायचे त्ये कवितेचा भावार्थ. मला ताप आलता का, हे तिथं कोण इचारणार?

आता आप्पा खवळले. लोकं तोंडावर बोलायला लागली व्हती, तिप्पाण्णाला फुकट कांडीवाली मिळाली म्हणून. आप्पा म्हणाले, बास झालं, काडीमोड घेतो आन् पोरीला इलकलकडं दुसऱ्या घरी देतो, तिथली माणसं इंग्रजी इचारत न्हाईत. आमच्यात पंचांपुढं काडी मोडली की लगीन मोडतंय. अमावास्येला विणकरांचे माग बंद असत्यात, त्याच दिवशी आप्पांनी मामंजीच्या सोप्यात पंच बोलावले. सात वर्सं वाट बघितली, आन् मोडायला एक काडी. मला इलकलला जायचं न्हवतं. मला ह्याच माणसाशी बोलायची सवय लागली व्हती, आन् ते मी कुठल्याच भाषेत कुणाला सांगू शकत न्हवते.

पाच पंच घोंगडीवर बसले. आप्पांनी काडी पुढं केली. पंचांत सगळ्यांत म्हातारे बसाप्पा म्हणून व्हते, ते म्हणाले, थांबा. शपथ काय व्हती? मामंजी म्हणाले, पोराला इंग्रजी आली पायजे. बसाप्पा म्हणाले, मॅट्रिक व्हायला पायजे असं म्हणलावता का? मामंजी म्हणाले, न्हाय, इंग्रजी आली पायजे एवढंच. बसाप्पा ह्यांच्याकडं वळले, मग बोल बाबा, येती का तुला?

ह्ये उठले. तोंड उघडलं. आन् काय न्हाय. लंडन न्हाय, किंग न्हाय, वॉटर सुद्दा न्हाय. आप्पांनी काडी दोन बोटांत धरली. मी खांबाआड पदर घेऊन उभी. पंचांपुढं, सासऱ्यापुढं, बापापुढं बाईनं तोंड उघडायचं न्हाय, मराठीत तर न्हायच न्हाय आन् कानडीत बी न्हाय. पर इंग्रजीत उघडू नये असं मला कुणी सांगितलं न्हवतं.

मी म्हटलं, व्हाय आर यू सायलेंट? स्पीक!

पाची पंच खांबाकडं वळले. ह्ये माज्याकडं बघून म्हणाले, आय ॲम अफ्रेड. मग माजं डोकंच फिरलं. सात वर्सांचं सगळं भाईर आलं. यू ईट, यू स्लीप, यू फेल! एव्हरी इयर यू फेल! आय सिट हिअर, आय वेट, आय वेट! आन् तवा कुठं ह्यांला राग आला. आय डू नॉट स्लीप, म्हणाले, आय रीड! ऑल डे आय रीड! यू आर ऑलवेज अँग्री! मी म्हटलं, येस, आय ॲम अँग्री! पंच एकदा ह्यांच्या तोंडाकडं बघायचे, एकदा माज्या. येवढं कडकडून आमी कवाच बोललो न्हवतो. आत्ती उंबऱ्याच्या आत उभी राहून पदरात तोंड खुपसून हसत व्हती.

बसाप्पांनी हात वर केला. मामंजीला म्हणाले, तिप्पाण्णा, ह्यातलं कळलं का तुला काय? मामंजी म्हणाले, एक अक्षर न्हाय. बाकीच्या पंचांला इचारलं, तुमाला? ते म्हणाले, न्हाय. बसाप्पा म्हणाले, मग इंग्रजीच हाय.

आप्पा अजून हट्टाला पेटल्यालं. म्हणाले, पर बसाप्पा, माज्या पोरीलाच जास्त येती. बसाप्पा म्हणाले, शपथ पोराची हाय, सुनंला येऊ नये असं तिप्पाण्णा बोललेला न्हाय. आन् नवरा-बायको एवढं भांडायला लागल्यावर काडी कसली मोडता?

मामंजी उठले. आत गेले आन् तांदळाचं माप स्वताच्या हातानं आणून उंबऱ्यावर ठेवलं. मला म्हणाले, पोरी, मी मागावर बसतो म्हंजे बहिरा न्हाय. वाचायचा आवाज आन् बोलायचा आवाज येगळा असतोय. दोन वर्सं ऐकतोय मी. बेलभंडारा उचलला व्हता म्हणून तोंड बंद. आता ये आत. मी माप ओलांडलं आन् आत जाऊन आत्तीच्या गळ्यात पडून रडले.

ह्ये त्या पुढच्या वर्षी आणखी एकदा मॅट्रिकला बसले. नापास झाले. मग मागावर बसले ते कायमचे. कारकून न्हाय झाले आन् कचेरीचं तोंड बी बघितलं न्हाय, पर मामंजीनी त्यावर कवा शब्द काढला न्हाय. आन् आमी दोघं जल्मभर इंग्रजीतच भांडलो. लेकरांला कळू नये म्हणून.

औंदा स्वराज्य आलं. कॅम्पातली गोरी पलटण चालली म्हणत्यात. थोरला ल्योक म्हणतोय आव्वा, आता इंग्रजी बी जाणार. जाऊ दे की. मला कुठं साहेबाशी बोलायचं व्हतं? ह्ये गेले त्याला दोन वर्सं झाली. मराठी बोलायला घर हाय, कानडी बोलायला गौरव्वाची सून हाय, कोकणी बोलायला गोव्याकडच्या बाया अजून लुगडी घ्यायला येत्यात. इंग्रजी बोलायला एकच माणूस व्हता. तुमी लिवून घेताय, तुमची लेकरं शाळंत जात असतील, त्यांला काय बी भाषा येऊ दे बाबा, आन् ती बोलायला म्हातारपणापातूर सोबत कुणीतरी असू दे.