तीन निळ्या बाटल्या

लेक : सही करा ना, बाबा. हातातला कागद भिजत चाललाय.

बाबा : सही मिळणार नाही. तुझा पाण्यातला पोशाख मी लाल खुंटीला अडकवलाय. चार दिवस तो तिथेच.

लेक : लाल खुंटी! बायकांसाठी खुंटी एक, आणि रंग बघा तिचा. येणारा-जाणारा आधी खुंटी बघतो, मग माझं तोंड.

बाबा : तुझ्याच भल्यासाठी आहे. टाकीत पाच शार्क आहेत. रक्ताच्या एका थेंबाचा वास त्यांना कोसावरून येतो.

लेक : आपली टाकी वीस पावलांची. कोस आणायचा कुठून?

बाबा : जीभ मात्र आईची घेतलीस.

लेक : जीभ तिची आणि दमही तिचाच. आता तिचं नशीबही माझ्या गळ्यात बांधताय. महिन्याला चार दिवस कमी भरतात, म्हणून पुढच्या महिन्यापासून मला तिकीट खिडकीत बसवणार आहेत. मॅनेजर म्हणाले, मुख्य पाणबुड्याने लेखी दिलं तर नियम काढून टाकतो. मुख्य पाणबुड्या म्हणजे तुम्ही.

बाबा : खिडकीत काय वाईट आहे? कोरडी राहशील.

लेक : वाळत घातलेल्या कपड्यासारखी.

बाबा : पोरी, हा दंड बघ. एकोणीस टाके. ही काही ऐकीव गोष्ट नाही. त्या दिवशी तुझी आई पाण्यात काच पुसत होती, आणि तिचे... ते दिवस होते. शार्कांतला तो शेठ चवताळला.

लेक : रक्त तिचं, आणि चावा तुम्हांला? शेठची नजर इतकी अधू आहे?

बाबा : तुला नेमकं काय हवंय?

लेक : पाऊण तास. मत्स्यालयाची दारं नवाला उघडतात, आत्ता आठही वाजले नाहीत. या तीन निळ्या बाटल्या बघा. एकीत टाकीचंच पाणी, एकीत मासळी कुटून गाळलेलं पाणी, आणि एकीत माझं रक्त. बोटातलं नाही हं. ज्यावर तुमचा आक्षेप आहे, तेच.

बाबा : अगं, काय बोलतेस! बापासमोर!

लेक : बापासमोर खुंटीला टांगलेलं चालतं, बोललेलं चालत नाही? कशात काय आहे, ते बाटल्यांच्या बुडाशी लिहिलंय. मी पाठ फिरवते, तुम्ही अदलाबदल करा. कोणती कुठली, ते तुम्हांलाही कळायला नको आणि मलाही. बुडं बघायची नाहीत. झाकण पाण्याखाली उघडायचं, लांब दांडीच्या चिमट्याने.

बाबा : पोरखेळ आहे हा.

लेक : मग घाबरता कशाला? ही नकटी बघा, तळाशी कशी पसरलीये. शार्क थांबला की मरतो, असं तुम्हीच शिकवलंत मला. लहानपणी ती अशी बसली की मी रडायचे.

बाबा : नकटीची जातच बसकी. बरं, झाल्या बाटल्या इकडच्या तिकडे. थांब, ही चाऱ्याची बादली बाजूला ठेवतो, पायात येतेय.

लेक : अहो, हळू! आपटलीत ना? बघा आता. शेठ आला, जुळे आले, मावशीसुद्धा आली.

बाबा : आले खरे.

लेक : अजून एकही बाटली उघडली नाही, बाबा. बादली रिकामी आहे, धुतलेली आहे. हे नुसत्या आवाजाला आले. जेवणाची घंटा झाली म्हणून.

बाबा : ...उघड पहिली.

लेक : पांगू देत आधी. हं. उघडली. मोजा.

बाबा : शेठ गेला खालून. वळला नाही. जुळे आपल्याच नादात. दोन मिनिटं. चार. काही नाही.

लेक : पाणी फिरू दे थोडं. आता दुसरी.

बाबा : काही नाही. नकटीने तर कूसही बदलली नाही... आता तिसरी सोड. अगं, दांडी घट्ट धर! शेठ! बाटलीच धरली मेल्याने!

लेक : सोडली चिमट्यातून. फोडू दे. पहिल्या दोन्ही इथे आहेत. तुमच्या हाताने उलट्या करा.

बाबा : दुसरी... नुसतं पाणी.

लेक : आणि पहिली?

बाबा : पहिली तुझी.

लेक : चार मिनिटं मोजलीत तुम्ही. एकाने तरी मान वळवली?

बाबा : एकदा करून काय सिद्ध होतं?

लेक : पुन्हा करू. दहा वेळा करू, दर महिन्याला करू. मी सामान पुरवते. पण एक सांगा, त्या दिवशी बादली कुठे होती?

(बाबा दंडावरची बाही खाली ओढून घेतात.)

बाबा : पाण्यात.

लेक : कशी?

बाबा : हातातून निसटली. भरलेली होती. कोणी बघायच्या आत काढावी म्हणून मी तसाच उतरलो. कोपरापर्यंत मासळीचं तेल. चारा देऊन हात न धुता पाण्यात उतरायचं नाही, हा नियम मीच लिहिलेला. शेठने दंड धरला, आणि तुझ्या आईने काच पुसायच्या फळीने त्याला ढकलून मला वर ओढलं.

लेक : तिने तुम्हांला ओढलं?

बाबा : वर आल्यावर कोणीतरी म्हणालं, बाईमाणूस पाण्यात होतं म्हणून झालं. मी नुसता गप्प बसलो. रात्रीतून खुंटी लाल झाली.

लेक : आणि ती घरी बसली. अजून आरसा पुसताना गुणगुणते, ऐकलंय कधी?
निळी निळी माझी वाट, तिला ना दगड ना धूळ
माझ्या श्वासाची गं वेणी, बुडबुड्याचं एकेक फूल
मला वाटायचं, आई पावसावर गाते.

बाबा : मला ठाऊक होतं, ती कशावर गाते ते.

लेक : मग लावू फोन? स्पीकरवर लावते. मला नका सांगू, तिला सांगा.

आई : काय गं? डबा विसरलीस?

लेक : नाही. बाबांना बोलायचंय.

बाबा : अगं... ती बादली. मी लिहून देतोय आज. मॅनेजरला. बादली माझी, हात माझे, चूक माझी. तुझ्याबद्दल लोकांचा गैरसमज झाला होता, असं—

आई : गैरसमज लिहू नका.

बाबा : मग?

आई : खोटं लिहा. गैरसमज आपोआप होतो. हे तुम्ही एकोणीस वर्षं पाळलंत.

बाबा : लिहितो. खोटं.

आई : आणि पोरीच्या कागदावर सही?

बाबा : केली. ही बघ, बोलता बोलता केली.

लेक : शाई फुटलीये थोडी, पण चालेल.

आई : पाणी किती गार आहे आज?

लेक : नेहमीसारखं. उतरलं की पहिला श्वास अडकतो, मग सुटतो.

आई : हं. तसंच व्हायचं.

बाबा : ती लाल खुंटी मी आत्ता उपटून टाकतो, अगं. पाना हातातच आहे.

आई : राहू द्या ती. उद्या येईन, तेव्हा मला टॉवेल अडकवायला लागेल.