लाल टोकाची कांडी

मी तेरखेड्याची, फटाक्याच्या गावची. शेडमधी कामाला जायचं तर आई आधी बांगड्या काढायला लावायची, नायलॉनची साडी सोडून सुती नेसायला लावायची, अन् कसली बी पावडर म्होरं आली की पहिलं इचारायचं, ही कशाची हाय, मगच हात लावायचा. तेवढं शिकून मी येरमाळ्याला सासरी आले. आमच्या मालकाचं रस्त्याकडंला वेल्डिंगचं दुकान, खव्याच्या भट्टीवाल्यांच्या स्टीलच्या टाक्या आर्गन गॅसवर जोडायचं काम. तिथं बी मी सुतीच नेसले तर हे हसायचे, तेरखेडकरीण आली, आता दुकानाचा बार उडतोय म्हणायचे.

काय सांगू तुम्हाला, लई नाजूक काम. पंखा लावायचा न्हाय, वाऱ्यानं गॅस उडतो अन् जोड काळा पडतो, पण दार सताड उघडं पायजे, गॅस कोंडला तर माणूस बी कोंडतं. तोंडावर काच घ्यायच्या आधी मालक हाळी देणार, डोळं झाका, की समद्यांनी पाठ फिरवायची. अन् टंगस्टनची कांडी, जिच्या टोकातनं जाळ निघतो, ती दगडावर पेन्सिलीवानी घासून टोकदार करायची. हे घासायचं काम आमच्या सुनंचं, कावेरीचं, नाकाला पदर लावून.

यंदा कावेरीला दिवस गेले. एकदा तिच्या पदरावर ती बारीक धूळ बघितली अन् म्या इचारलं, ही कशाची ग? मालक म्हणले, कांडीची, दुसरं काय. कावेरीनं मोबाईलवर बघितलं. म्हणली, आत्या, आपल्या कांडीचं मागलं टोक लाल रंगवलंय न्हवं, तसल्या कांडीत थोरियम असतंय, त्याची किरणं निघत्यात, धूळ नाकात जाऊ द्यायची न्हाय. खोक्यावर बी लिवलेलं व्हतं, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. आता तुमीच सांगा, ज्याच्या नाकात जाणार त्यालाच वाचता येऊ नये असं लिवायचं, ह्याला काय म्हणावं? माझं बोलणं लिवून घेताय न्हवं, तर हे बी लिवा, मोठ्या अक्षरात लिवा.

मालक ऐकंनात. लालवर जाळ झटक्यात धरतो, माझा हात तिच्यावर बसलाय, दुसऱ्या कांडीनं टाकी गळली तर भट्टीवाला दारात उभा राहील, असं लई बोलले. म्या म्हणलं, टाकी गळली तर परत जोडता येती.

म्होरल्या बाजारी सोलापूरहून आले मालक बिनथोरियमच्या, राखाडी टोकाच्या कांड्या घेऊन, नवा दगड, अन् तोंडाला गच बसणारा मास्क. दोन दिस भंगार पत्र्यावर जोड घालत बसले, चिडले, घासल्या, परत घातले. कांड्या आता सवताच घासत्यात, मास्क लावून, अन् धूळ ओल्या फडक्यानं पुसत्यात, माझ्या माहेरावानी. हसत न्हाईत आता.

कावेरी दाराबाहेर लिंबाखाली बसती, वाती वळत. आमची देवी येडाई तिला सुखानं मोकळी करो. आतनं हाळी येती, अन् हाळी बी बदललीय बघा. मालक म्हणत्यात, डोळं झाका ग, दोघांनी बी.